कर्मवीर दादासाहेब गायकवाड आणि समितीचे दिवस

दिंडोरी तालुक्यातील आंबे गावी १९०२ साली जन्मलेल्या दादासाहेबांना आम्ही काळाराम मंदिर सत्याग्रहाचे सेनानी म्हणून वंदन करतो. संयुक्त महाराष्ट्र समितीतील त्यांचे कार्य मात्र क्वचितच आठवतो. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर काही महिन्यांतच, १९५७ च्या निवडणुकीत, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन समाजवादी व कम्युनिस्टांसह समितीत उभे राहिले. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची धूळधाण उडाली आणि दादासाहेब नाशिकहून लोकसभेत गेले.

परंतु समितीला बांधणारी मागणी एकच होती. घटक पक्षांत आधीच कुरबुर होती. १ मे १९६० रोजी राज्य मिळाले आणि ते पांगले. भूमिहीनांच्या पदरी जमीन आली नव्हतीच. दादासाहेबांनी १९५९ मध्येच त्यासाठी सत्याग्रह मांडला होता. स्वपक्षातील काही सुशिक्षितांनी त्यास कम्युनिस्टी वळण म्हणून नाके मुरडली, हे आम्हांस आजही खटकते. डिसेंबर १९६४ मध्ये त्याच जमिनीसाठी देशभर हजारो स्त्री-पुरुष तुरुंगात गेले.