वनस्पतींचा माग काढणारे आघारकर

हर्णे-मालवणच्या पुळणीवर मर्यादवेल पसरते. तिचे बी लाटांवर तरंगत दूरच्या किनाऱ्यास लागते आणि तेथे रुजते. कोणती वनस्पती कोठून आली, कशी पसरली, हे शोधण्याचा ध्यास शंकर पुरुषोत्तम आघारकर यांनी घेतला.

त्यांचा जन्म १८८४ साली मालवणास झाला. उच्च अध्ययनासाठी ते जर्मनीत गेले. १९१४ साली महायुद्ध पेटले. इंग्रजांचे प्रजाजन म्हणून ते तेथेच अडकून पडले. तरीही त्यांनी अभ्यास सोडला नाही. वायव्य भारताच्या रुक्ष प्रदेशातील वनस्पतींचे मूळ व प्रसार यांवर प्रबंध लिहून त्यांनी बर्लिनची डॉक्टरेट मिळविली. पुढे अनेक वर्षे ते कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापक होते.

१९४६ साली पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापन करण्यात त्यांनी पुढाकार घेतला. १९६० साली ते निवर्तले. त्यांनी लावलेले रोप मात्र वाढतच राहिले. आज ती संशोधनसंस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते.