ठाण्याचे विस्मृत हुतात्मे : टोलेन्तिनोचे थॉमस

मीरा-भाईंदरमधील चौक गावाजवळ वसईची खाडी समुद्राला मिळते. याच खाडीने आत गेले, की ठाणे लागते. सातशे वर्षांपूर्वी त्या ठाण्यात एका वृद्ध इटालियन संन्याशाच्या जीवनयात्रेची अखेर झाली. त्यांचे नाव थॉमस.

इटलीतील टोलेन्तिनो येथे १२५५ च्या सुमारास जन्मलेल्या थॉमस यांनी फ्रान्सिस्कन पंथाची दीक्षा घेतली. निष्कांचन व्रताच्या कठोर आग्रहापायी स्वपंथीयांनीच त्यांना कारावासात टाकले. १२८९ मध्ये सुटका झाल्यावर ते आर्मेनियाला गेले आणि तेथील राजाचे दूत म्हणून युरोपच्या दरबारांत फिरले. १३०७ मध्ये त्यांनी चीनमधील धर्मकार्याची हकिगत पोप पाचवे क्लेमेंट यांच्या कानी घातली.

पुढे चीनला जाण्यासाठीच ते होर्मुझहून निघाले. पण जहाज ठाण्याला लागले. सोबत पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर, तिफ्लिसचे डिमेट्रियस आणि जॉर्डनस होते. ठाण्यात मुस्लिम अंमल होता. एका नेस्टोरियन ख्रिस्ती कुटुंबाने त्यांना आसरा दिला. जॉर्डनस गुजरातकडे गेले असताना त्या घरातील पती-पत्नीचा कलह काझीपुढे गेला आणि साक्षीसाठी संन्याशांना पाचारण झाले. साक्षीचा विषय धर्मचर्चेकडे वळला. पैगंबरांविषयीच्या प्रश्नाला थॉमस यांनी दिलेल्या परखड उत्तराने सभा क्षुब्ध झाली.

प्रवासी ओडोरिक यांच्या वृत्तांतानुसार, स्थानिक अंमलदाराने द्रवून त्यांना खाडीपार सोडलेही होते. मात्र काझीच्या आग्रहापुढे तो नमला. ९ एप्रिल १३२१ रोजी थॉमस, जेम्स व डिमेट्रियस मारले गेले. दोन दिवसांनी पीटर. जॉर्डनस यांनी त्यांना सोपाऱ्यात पुरले. ओडोरिक यांनी नंतर त्यांच्या अस्थी चीनला नेल्या. १८९४ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी थॉमस यांच्या उपासनेस मान्यता दिली.

१९९६ मध्ये अल्जीरियातील तिबिरिनच्या सात संन्याशांचे अपहरण होऊन हत्या झाली. त्यांच्यावरील 'ऑफ गॉड्स अँड मेन' हा फ्रेंच चित्रपट २०१० मध्ये आला. तेथे मुस्लिम गावकऱ्यांशी वर्षानुवर्षांचा शेजार होता. त्या शेजारासाठीच संन्याशांनी धोका ओळखूनही मठ सोडला नाही. थॉमस यांना असा शेजार जोडण्याची सवडच मिळाली नाही. त्यांचे सहकारी जॉर्डनस मात्र या हत्येनंतरही याच किनाऱ्यावर राहिले आणि १३२९ मध्ये कोल्लमचे बिशप झाले.