अक्षरे मोजणारा माणूस

इंग्रजी स्पेलिंगची आपणांस धास्ती वाटते ना? मग आल्फ्रेड बट्स यांचे चरित्र ध्यानात घ्या. १८९९ साली अमेरिकेत जन्मलेल्या या वास्तुशिल्पज्ञाची नोकरी महामंदीत, १९३१ साली गेली. हताश न होता त्यांनी शब्दखेळ रचण्यासाठी वर्तमानपत्रातील अक्षरे मोजली. ‘ई’ सर्वांत अधिक, म्हणून त्याच्या १२ सोंगट्या व गुण १; ‘क्यू’ दुर्मीळ, म्हणून सोंगटी एकच व गुण १०. कारखानदारांनी खेळ नाकारला. अखेर १९४८ साली जेम्स ब्रुनो यांनी तो ‘स्क्रॅबल’ नावाने बाजारात आणला. १९९३ साली निवर्तलेले बट्स स्वतः स्पेलिंगमध्ये कच्चेच होते! पालकहो, मुलांच्या हाती वर्तमानपत्र द्या. अक्षरे शोधता शोधता शब्द आपलेसे होतील.