पडद्याआडच्या रुग्णांची डॉक्टर : मदर ॲना डेंगेल

मदर तेरेसा यांनी १९४८ साली पाटण्याला जाऊन रुग्णसेवेचे धडे घेतले, हे आपण ऐकले आहे. ते धडे देणाऱ्या मेडिकल मिशन सिस्टर्सच्या संस्थापिका म्हणजे मदर ॲना डेंगेल. आज आपण त्यांची ओळख करून घेऊ या.

ॲना यांचा जन्म १६ मार्च १८९२ रोजी ऑस्ट्रियातील टिरोल प्रांतात झाला. लहानपणीच आईचे छत्र हरपले. तरुणपणी त्यांना डॉ. ॲग्नेस मॅकलारेन या स्कॉटिश डॉक्टरबाईंच्या कार्याची माहिती मिळाली. उत्तर हिंदुस्थानातील पडदानशीन मुस्लिम स्त्रिया कितीही आजारी पडल्या तरी पुरुष डॉक्टरला दाखवत नसत. बाळंतपणात अडलेल्या कित्येकजणी घरातच प्राण सोडत. अशा स्त्रियांसाठी मॅकलारेनबाईंच्या प्रयत्नाने रावळपिंडीला रुग्णालय उभे राहिले, पण स्त्री-डॉक्टर मिळेनात. ॲना यांनी त्यांना पत्र लिहिले. दोघींची भेट मात्र झाली नाही. १९१३ साली मॅकलारेनबाई निवर्तल्या.

ॲना आयर्लंडमधील कॉर्क येथे शिकून १९१९ साली डॉक्टर झाल्या व १९२० साली रावळपिंडीला आल्या. हे शहर आज पाकिस्तानात आहे. तेथे डॉक्टर बाई होती, शुश्रूषा करणाऱ्याही धर्मभगिनी होत्या. पडद्याचा मान राहिला आणि उपचारही झाले. पण एकटी डॉक्टर किती जणींना पुरणार?

अधिक धर्मभगिनी डॉक्टर का होत नव्हत्या? कारण रूढी आपल्या घरातही होती. व्रतस्थ भगिनींनी डॉक्टरकी व बाळंतपणे करण्यास ख्रिस्तसभेच्या नियमांची मनाई होती. तरीही ३० सप्टेंबर १९२५ रोजी वॉशिंग्टन येथे ॲना यांनी आणखी तिघींसह आपला संघ सुरू केला. दोघी डॉक्टर, दोघी परिचारिका. जाहीर व्रते न घेता त्या सेवा करीत राहिल्या. अखेर ११ फेब्रुवारी १९३६ रोजी रोमने ती परवानगी दिली. १७ एप्रिल १९८० रोजी रोम येथे मदर डेंगेल प्रभूघरी गेल्या.

आपल्याही घरांत आई, आजी संकोचापायी दुखणे अंगावर काढतात. त्यांच्यावर रागावण्याआधी आपण त्यांच्याजवळ बसू या, कशाचा संकोच वाटतो ते विचारू या, आणि त्यांना चालेल अशा डॉक्टरकडे स्वतः घेऊन जाऊ या.