पोपट, माकड आणि चित्रकार ड्यूरर

चाकांवरच्या घरात चूल-बिछाना मांडून, कुत्र्या-मांजरांना बरोबर घेऊन महिनोन्‌महिने रस्त्यावर राहणारी कुटुंबे युरोपात आज पुष्कळ आढळतात. बेटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दिवसाभरात जाऊन येणाऱ्या आम्हांला या हौसेचे नवल वाटते. पण मोटारीचे नावही नव्हते त्या काळी, पाचशे वर्षांपूर्वी, जर्मनीतील न्युरेम्बर्ग शहरचा एक चित्रकार बायको, मोलकरीण आणि चित्रांच्या गठ्ठ्यांसह निघाला व वर्षभर परमुलखात राहिला. वाटेत त्याच्या बिऱ्हाडात पोपट आले आणि एक माकडही आले. त्याचे नाव आल्ब्रेख्त ड्यूरर.

त्याचा जन्म २१ मे १४७१ रोजी न्युरेम्बर्ग येथे झाला. वडील हंगेरीतून आलेले सोनार. त्यांना अठरा मुले झाली, त्यांतली तीनच जगली. आल्ब्रेख्त प्रथम वडिलांच्या हाताखाली शिकला, नंतर चित्रकार वोल्गेमुट याच्याकडे राहिला. १४९४ साली त्याचे आग्नेस फ्राय हिच्याशी लग्न झाले. त्याच वर्षी शहरात प्लेग पसरला आणि नवरदेव नव्या नवरीला मागे ठेवून इटलीला गेला. १५०५ मध्येही तो एकटाच व्हेनिसला गेला. इकडे आग्नेस जत्रेत बसून त्याची छापील चित्रे विकीत असे. संसार चालला तो बराचसा या विक्रीवर.

प्राण्यांचे त्याला फार वेड. १५०२ साली त्याने रंगविलेल्या सशाचा केस न्‌ केस मोजता येईल. १५१५ चे गेंड्याचे चित्र तर जगभर गेले. तो गेंडा आपल्याकडचा, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. गुजरातचा सुलतान मुजफ्फरशहा याने तो पोर्तुगीजांना दिला. १५१५ च्या जानेवारीत तो त्याच्या भारतीय रखवालदारासह गोव्याहून गलबतात चढला आणि मे महिन्यात लिस्बनला उतरला. ड्यूररने त्याला कधीच पाहिले नाही. न्युरेम्बर्गला आलेले एक पत्र व एक कच्चे रेखाटन यांवरून त्याने चित्र काढले आणि गेंड्याच्या पाठीवर नसलेले आणखी एक शिंग बसवून दिले! बिचारा गेंडा पुढे पोपला नजराणा म्हणून निघाला असता इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाजासह बुडाला. पायांत साखळ्या होत्या, पोहणार कसा?

आता मूळ प्रवासाकडे वळू. बादशहा मॅक्सिमिलियन याने ड्यूररला सालाना १०० गुल्डेनचे वर्षासन बांधून दिले होते. १५१९ च्या जानेवारीत बादशहा वारला आणि नव्या बादशहाचा हुकूम आणल्याशिवाय पैसे देणार नाही, असे न्युरेम्बर्गच्या कारभाऱ्यांनी सांगितले. पन्नाशीला टेकलेल्या माणसाने काय करावे? १२ जुलै १५२० रोजी तो नव्या बादशहाच्या शोधात निघाला, आणि या वेळी आग्नेस व मोलकरीण सुझाना यांनाही त्याने बरोबर घेतले. बाम्बेर्गच्या बिशपने जकातमाफीचे पत्र दिले. ते दाखवीत माइन व ऱ्हाईन नद्यांतून नावेने, मग जमिनीवरून, ही मंडळी २ ऑगस्टला अँटवर्पला पोचली.

ड्यूररची हिशेबाची वही मोठी मजेदार आहे. जेवण, नावाडी, जुगार, औषध, सगळे तीत आहे. खाणावळीच्या मालकाबरोबर हा खाली जेवी. आग्नेस आणि सुझाना माडीवर स्वतः रांधून जेवीत. अँटवर्पला पोर्तुगीजांची वखार होती. तिथल्या रोद्रिगोने आग्नेसला एक छोटा हिरवा पोपट दिला. ड्यूररला नारळ मिळाले, कालिकतचे कापड मिळाले. समुद्रापलीकडचे काहीही आले की युरोपीय लोक त्याला तेव्हा कालिकतचेच म्हणत! एका छोट्या माकडासाठी ड्यूररने चार सोन्याचे गुल्डेन मोजले. कोळशाने काढलेल्या एका माणसाच्या चित्राला त्याला बहुधा एक गुल्डेन मिळे, म्हणजे चार माणसांच्या मोलाचे हे एक माकड. वर्षासनासाठी दारोदार फिरणाऱ्याने हा खर्च करावा, याचे आम्हांला हसूही येते आणि तो आवडतोही.

त्याच वखारीच्या प्रमुखाच्या घरी काटेरिना नावाची वीस वर्षांची काळी मुलगी चाकरीला होती. १५२१ मध्ये ड्यूररने तिचे चित्र काढले. खाली घातलेली नजर, डोक्याला बांधलेले फडके. मळेवाल्यांच्या दारात आमच्या पणज्या उभ्या राहिल्या, त्यांचे चित्र कोणी काढले नाही.

नोव्हेंबरमध्ये काम फत्ते झाले. तो बादशहाच्या मागे कोलोनला असताना १२ तारखेला वर्षासनाचा हुकूम मिळाला. त्याच्या आदल्याच दिवशी, सेंट मार्टिनच्या सणाला, इकडे अँटवर्पच्या मोठ्या चर्चमध्ये चोराने आग्नेसची थैली कापली. दोन गुल्डेन आणि किल्ल्या गेल्या.

हुकूम घेऊन सरळ घरी जावे की नाही? पण झीलंडच्या किनाऱ्याला प्रचंड देवमासा लागल्याचे कळले आणि हा डिसेंबरच्या थंडीत तिकडे धावला. आर्नेमॉयडन बंदरात लोक उतरत असताना दुसऱ्या मोठ्या जहाजाचा धक्का बसला, दोर तुटला आणि वाऱ्याने नाव पुन्हा समुद्राकडे नेली. खलाशी सारे उतरून गेलेले. नावेत तांडेल, ड्यूरर आणि चार-दोन जण, त्यांत म्हाताऱ्या बायका व एक पोर. तांडेल केस उपटू लागला. ड्यूररने त्याला धीर दिला, सर्वांनी मिळून लहान शीड कसेबसे चढविले आणि नाव किनाऱ्याला आणली. देवमासा मात्र तोवर भरतीने वाहून गेला होता. पुढच्या वसंतात ड्यूररला हिवतापासारख्या तापाने गाठले. झीलंडमध्येच तो जडला, असे त्याचे स्वतःचे मत. त्या दुखण्याने त्याची पाठ पुन्हा सोडली नाही. ६ एप्रिल १५२८ रोजी तो न्युरेम्बर्गला वारला.

त्याच्यामागे त्याचा जिवलग मित्र पिर्कहाइमर याने, लोभी व किरकिऱ्या आग्नेसनेच त्याला झिजवून मारले, असा ठपका ठेवला, आणि पुढची कित्येक शतके लोक तेच म्हणत आले. आम्हांला ते पटत नाही. परक्या गावात माडीवर स्वयंपाक करीत तिने वर्ष काढले, नवरा परगावी असता बिऱ्हाड राखले, तापात तीच त्याच्याजवळ होती. माकड घेतले ड्यूररने, आणि लोभी ठरली ती!

१५२१ च्या जुलैमध्ये ही मंडळी परत निघाली. साऱ्या देण्याघेण्यात आपल्याला तोटाच झाला, असे ड्यूररने वहीत लिहून ठेवले. ही वही कोलोनला येऊन थांबते. पण रेखाटनांची एक छोटी वही निराळी होती. तीत ऱ्हाईन नदीवर, बोप्पार्ड गावाजवळ, त्याने आग्नेसचे चित्र काढले आहे. प्रवासी टोपडे घातलेली, दमलेली, चेहऱ्याने थोराड झालेली बाई, आणि शेजारी कोलोनकडचा मुकुट घातलेली एक तरुण मुलगी. हे पान व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात जपून ठेवलेले आहे.