काचबिंदू पकडायला शिकवणारा डॉक्टर सुरुवातीला स्वतःच फसला होता!

डोळे तपासायला गेलं की आधी बाहुली मोठी करणारे थेंब घालतात. मग अर्धा तास डोळे मिटून बसायचं, यंत्रापुढे हनुवटी टेकवायची आणि सांगतील तिकडे बघायचं. दोन मिनिटांत आपल्या डोळ्याच्या आतल्या पडद्याचा, म्हणजे रेटिनाचा फोटो स्क्रीनवर येतो. त्यातल्या एका फिकट गोल ठिपक्याकडे डॉक्टर जरा जास्त वेळ बघतात.

या ठिपक्यातून काचबिंदू ओळखता येतो हे जगाला पटवून दिलं जर्मनीच्या अल्ब्रेख्त फॉन ग्रेफे यांनी. पण पहिल्या प्रयत्नात त्यांनी नेमकं उलटं निदान मांडलं होतं.

कोण होते ग्रेफे?

22 मे 1828 रोजी बर्लिनमध्ये त्यांचा जन्म झाला. वडील नावाजलेले सर्जन होते, पण ग्रेफे 12 वर्षांचे असतानाच ते गेले. मुलगा अभ्यासात इतका पुढे की 1847 मध्ये, वयाच्या 19 व्या वर्षी त्याच्या हातात डॉक्टरची पदवी होती. पुढची काही वर्षं त्यांनी प्राग, पॅरिस, व्हिएन्ना आणि लंडन इथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे शिकण्यात घालवली. लंडनमध्ये त्यांची विल्यम बोमन आणि हॉलंडचे फ्रान्स डाँडर्स यांच्याशी गट्टी जमली. ती आयुष्यभर टिकली.

बर्लिनला परतून त्यांनी स्वतःचा दवाखाना काढला. गरिबांना तिथे मोफत उपचार मिळायचे, त्यामुळे पेशंटची रांग लागायची. 1854 मध्ये, विशीतच, त्यांनी फक्त डोळ्यांच्या आजारांना वाहिलेलं एक नियतकालिक सुरू केलं. ते आजही त्यांच्या नावाने निघतं.

डोळ्याच्या आत बघायची सोय कधी झाली?

बाहुली आपल्याला काळी दिसते. डोळ्यात गेलेला प्रकाश आला त्याच वाटेने परत जातो, आणि त्या वाटेवर डोकं ठेवून बघावं तर आपणच प्रकाश अडवतो. हा तिढा हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ या शास्त्रज्ञाने सोडवला. तिरप्या काचेवरून प्रकाश डोळ्यात सोडायचा आणि त्याच काचेतून आरपार बघायचं. 1851 मध्ये त्यांनी या उपकरणाची माहिती छापली. हाच ऑफ्थॅल्मोस्कोप. ग्रेफेंनी तो लगेच उचलला आणि रोजच्या तपासणीत वापरायला लागले.

जिवंत माणसाची रेटिना, तिच्यावरच्या रक्तवाहिन्या आणि ऑप्टिक नर्व्ह जिथून मेंदूकडे निघते ती जागा, सगळं आता समोर दिसत होतं. फिकट गोल ठिपका म्हणजे हीच जागा. डॉक्टर त्याला डिस्क म्हणतात.

मग चूक कुठे झाली?

1854 मध्ये ग्रेफेंनी लिहिलं की काचबिंदूत ही डिस्क सुजून वर येते. व्हिएन्नाच्या एडुआर्ड येगर यांनाही तसंच वाटलं होतं.

खरं तर डिस्क वर आलेली नव्हती, आत खचलेली होती. हे उपकरण एकाच डोळ्याने वापरायचं होतं. एका डोळ्याने खोलीचा नीट अंदाज येत नाही, त्यामुळे सावल्यांच्या खेळात खड्डा उंचवट्यासारखा भासला.

पुन्हा तपासणी केल्यावर 1855 मध्ये ग्रेफेंनी आपलंच म्हणणं आपल्याच नियतकालिकात बदललं. पुढे हाइनरिश म्युलर यांनी असे डोळे कापून तपासले आणि खड्डाच असतो हे पक्कं झालं.

हा खड्डा पडतो कशामुळे? ऑप्टिक नर्व्हमध्ये दहा लाखांच्या आसपास तंतू असतात. ते डिस्कच्या कडेने आत वळतात. काचबिंदूत, बहुतेक वेळा डोळ्यातल्या वाढलेल्या दाबामुळे, हे तंतू मरत जातात. कड पातळ होते आणि मधला खोलगट भाग रुंदावतो.

उपचारही त्यांनीच शोधला

ग्रेफेंच्या आधी काचबिंदू म्हणजे आंधळेपण हे ठरलेलंच होतं. दाब कमी केला तर डोळा वाचेल, असा विचार त्यांनी केला. आयरिसचा, म्हणजे बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याचा छोटा तुकडा त्यांनी ऑपरेशन करून काढला. अचानक उठणाऱ्या, प्रचंड दुखणाऱ्या काचबिंदूत याचा चांगला उपयोग झाला. 1857 मध्ये ब्रसेल्सच्या परिषदेत त्यांनी हे मांडलं तेव्हा ते 29 वर्षांचे होते. हळूहळू वाढणाऱ्या काचबिंदूत मात्र या ऑपरेशनने तितकं यश मिळालं नाही.

मेंदूतल्या गाठीमुळे डिस्क खरोखर सुजते, हेही त्यांनीच 1860 मध्ये दाखवलं. पुढच्याच वर्षी क्षयाने त्यांना गाठलं. तरीही ते ऑपरेशन करत राहिले, शिकवत राहिले. 20 जुलै 1870 रोजी, अवघ्या 42 व्या वर्षी त्यांचं निधन झालं. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयाजवळ त्यांचं स्मारक आहे.

आज काय बदललंय?

एका डोळ्याने खोली कळत नाही, ही अडचण पुढच्या अनेक यंत्रांनी सोडवली. 1861 मध्येच दोन्ही डोळ्यांनी बघायचा ऑफ्थॅल्मोस्कोप आला. नंतर रेटिनाचे फोटो निघू लागले, त्यामुळे आजच्या डिस्कची जुन्या फोटोशी तुलना करता येऊ लागली. 1991 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी ओसीटी हे तंत्र मांडलं. ते प्रकाशाच्या मदतीने रेटिनाचे थर उभे कापल्यासारखे दाखवतं आणि तंतूंच्या थराची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतं. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

तुमच्या रिपोर्टवर सी-डी रेशो लिहिलेला असेल, तर तो म्हणजे डिस्कच्या तुलनेत मधला खड्डा किती मोठा आहे याचं प्रमाण. एकट्या आकड्यावरून घाबरू नका, कारण काहींची डिस्क जन्मतःच मोठी असते आणि खड्डाही मोठा असतो. दोन डोळ्यांत फरक आहे का, मागच्या वेळेपेक्षा आकडा वाढलाय का, हे डॉक्टर बघतात. जोडीला डोळ्यांचा दाब आणि नजरेच्या आवाक्याची, म्हणजे फील्डची तपासणी लागते. दाब नॉर्मल असूनही काचबिंदू असू शकतो.

हळूहळू वाढणारा काचबिंदू दुखत नाही. नजर कडेने जाते, त्यामुळे बराच काळ लक्षातही येत नाही. गेलेले तंतू परत येत नाहीत, उपचार फक्त उरलेले वाचवतात. म्हणून चाळिशीनंतर, आणि घरात कोणाला काचबिंदू असेल तर त्याआधीच, डोळे आतून तपासून घ्या आणि जुने रिपोर्ट जपून ठेवा. पुढच्या वेळी तुलना त्यांच्याशीच होणार आहे.