कुमारप्पांचा हिशेब

मुंबईत हिशेबतपासनीस म्हणून जम बसलेले, पाश्चात्त्य पोशाखातील एक गृहस्थ १९२९ साली साबरमतीस गांधीजींना भेटावयास गेले आणि लवकरच खादीधारी झाले. हे जे. सी. कुमारप्पा. १८९२ साली तंजावरच्या ख्रिस्ती कुटुंबात जन्म, लंडनमध्ये हिशेबाचे शिक्षण, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सेलिग्मन यांच्या हाताखाली अर्थशास्त्राचा अभ्यास. ही वाट काही तेलघाण्याकडे जाणारी नव्हे! पण हिंदुस्थानच्या दारिद्र्याचे मूळ सरकारी जमाखर्चात शोधता शोधता ते तेथवर पोहोचले.

१९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्याच्या मगनवाडीत कुमारप्पांनी त्याची धुरा वाहिली. घाणीचे तेल, हातसडीचा तांदूळ, हातकागद यांवर तेथे प्रयोग चालत. सुशिक्षितांनी त्याला खूळ ठरविले. पुढे जबलपूरच्या तुरुंगात लिहिलेल्या ग्रंथात कुमारप्पांनी एक मूलगामी भेद केला. कोळसा व खनिज तेल हा उपसताच घटणारा साठा. लाकूड, पीक, पशुबळ हा पुन्हा भरून येणारा प्रवाह. साठ्यावर उभारलेला संसार टिकाऊ नव्हे, हे त्यांचे सूत्र. हवामान तापण्याची चिंता त्यांच्या काळी फारशी कोणाच्या मनात नव्हती. तरी आजच्या वादाचा गाभा त्यांनी नेमका पकडला होता.

उपभोग घटविला तर मजुराचे काय, हा त्यातला कळीचा प्रश्न. २०२०च्या टाळेबंदीत जगाचे कर्बवायू-उत्सर्जन सुमारे ५ टक्क्यांनी घटले; पण त्याच वर्षी एप्रिल ते जून या तिमाहीत भारताचे राष्ट्रीय उत्पन्न जवळजवळ एक-चतुर्थांशाने आक्रसले आणि मुंबई-पुण्याचे मजूर महामार्गांवरून पायी गावी निघाले. ही काटकसर नव्हती, उपासमार होती. कुमारप्पांना अशी घट अभिप्रेत नव्हतीच. त्यांच्या लेखी खरेदी म्हणजे कोणाच्या तरी हाताला दिलेले काम. यंत्राचे तेल सोडून घाणीचे घेतले, तर कोळसा वाचतो आणि तेल्याची रोजी चालते. उपभोगाचे प्रमाण नव्हे, त्याचे वळण त्यांना बदलावयाचे होते.

स्वातंत्र्यानंतर काँग्रेसच्या कृषिसुधारणा समितीचे ते अध्यक्ष झाले. देश मात्र अवजड उद्योगांच्या वाटेने गेला. ३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्या पुण्यतिथीलाच, त्यांचे निधन झाले.

घाणीचे तेल तेव्हाही महाग पडे, आजही पडते. तो फरक ग्राहकाने कर्तव्य म्हणून सोसावा, अशी कुमारप्पांची अपेक्षा. ठरावीक पगारातल्या कारकुनाला तो दरमहा कितपत सोसवेल आणि उरलेला भार सरकारी तिजोरीने उचलावा काय, ही बाकी त्यांच्या वहीत मांडावयाची राहून गेली आहे.